गाडी वारंवार सेल्फ घेत नसेल तर: बॅटरी बदलण्यापूर्वी काय मोजावे

सात माणसांची गाडी सकाळी सुरू झाली नाही की घरातल्या प्रत्येकाचे निदान एकच असते: बॅटरी गेली. बॅटरीवाला येतो, नवी बॅटरी बसवतो, गाडी पहिल्याच किल्लीला सुरू होते आणि निदान बरोबर होते असे सगळे धरून चालतात. तीन-चार महिन्यांनी पुन्हा तोच प्रकार होतो. मग सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, उतरवून तिच्यातले कार्बन (फिरत्या भागाला वीज पोचवणारे ठोकळे) बदलले जातात, पुढे कधीतरी अल्टरनेटर, म्हणजे चालत्या इंजिनवर बॅटरी चार्ज करणारे यंत्र, दुरुस्त होतो, आणि एवढे सगळे करूनही ऐन लग्नाच्या दिवशी गाडी हॉलच्या दारात अडून बसते. अशा गाडीत पुष्कळदा एकच दोष असतो आणि तो बदललेल्या एकाही वस्तूत नसतो.

नवी बॅटरी बसवल्यावर गाडी सुरू झाली, एवढ्यावरून जुनी बॅटरी खराब होती असे सिद्ध होत नाही. पूर्ण चार्ज असलेल्या नव्या बॅटरीत इतकी ताकद शिल्लक असते की सैल टर्मिनल, कुजलेली अर्थिंगची (इंजिनच्या धातूतून बॅटरीकडे वीज परत नेणारी) पट्टी, झिजलेला सेल्फ यांपैकी कशावरही ती काही महिने मात करू शकते. ती थोडी जुनी झाली की ही जादा ताकद संपते आणि झाकलेला दोष पुन्हा वर येतो. म्हणून वारंवार होणाऱ्या या दुखण्यात वस्तू बदलण्याआधी मोजमाप करावे, आणि ते सेल्फवर भार असताना करावे, एवढेच या लेखात समजावून सांगायचे आहे. त्यासाठी लागणारा डिजिटल मल्टिमीटर इलेक्ट्रिकलच्या दुकानात नव्या बॅटरीच्या किमतीच्या अगदी थोड्या भागात मिळतो.

आधी तक्रार नीट वेगळी करायला हवी. सेल्फ जोमाने फिरतो पण इंजिन पकडत नाही, ही एक तक्रार आणि सेल्फच फिरत नाही किंवा रडत-रखडत फिरतो, ही दुसरी. पहिल्या तक्रारीचे मूळ पेट्रोल-डिझेलचा पुरवठा, स्पार्क, डिझेल गाडीत सुरुवातीला उष्णता देणारे ग्लो प्लग, एखादा सेन्सर किंवा किल्लीतली चोरीविरोधी चिप यांत शोधावे लागते. अनेक गाड्यांत किल्ली ओळखली गेली नाही तरी सेल्फ फिरतो, फक्त इंजिन सुरू होऊ दिले जात नाही आणि डॅशबोर्डवर किल्लीचा दिवा लुकलुकत राहतो. हा लेख दुसऱ्या तक्रारीबद्दल आहे. दोन्हींच्या सीमेवर एक प्रकार मात्र असतो: बॅटरी इतकी थकलेली असते की सेल्फ कसाबसा फिरतो, पण त्या ओढाताणीत व्होल्टेज इतके खाली येते की इंजिनचा कॉम्प्युटर नीट काम करत नाही आणि इंजिन पकडत नाही. सेल्फ संथ फिरत असेल, तर इंधनाच्या मागे लागण्यापूर्वी विजेकडे पाहिलेले बरे.

किल्ली फिरवल्यानंतरचा एक सेकंद

मोटारगाड्या पूर्वी समोरून हँडल मारून सुरू करत, आणि इंजिनने उलटा झटका दिला की हात मोडत असे. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेवरचा सेल्फ 1912 च्या कॅडिलॅक गाड्यांत आला आणि हे हँडल हळूहळू गेले. त्याची मूळ कल्पना आजही तीच आहे: एक छोटी पण जबरदस्त मोटर फार थोडा वेळ, फार मोठा प्रवाह घेऊन, इंजिनचे दातेरी चाक फिरवते.

तो प्रवाह किती मोठा असतो, हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचे काहीच समजणार नाही. 55 वॅटचा हेडलाइटचा बल्ब साडेचार अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो. पेट्रोलवरच्या कौटुंबिक गाडीचा सेल्फ इंजिन फिरवताना साधारण 100 ते 200 अँपिअर घेतो, डिझेलचा त्याहून जास्त, आणि मोटर अजून स्थिर असताना, म्हणजे अगदी पहिल्या क्षणी, हा आकडा आणखी कितीतरी वर जातो. तीसेक हेडलाइट एकदम लावल्यावर जे होईल ते बॅटरीला दर वेळी सोसावे लागते. त्यामुळे हेडलाइट लखलखीत लागतात, हॉर्न खणखणीत वाजतो, म्हणजे बॅटरी चांगली आहे, हा युक्तिवाद फोल ठरतो.

या कामासाठी गाडीत दोन मार्ग असतात. मोठा मार्ग बॅटरीच्या धन टोकापासून जाड केबलने सेल्फपर्यंत येतो, सेल्फच्या पाठीवर बसलेल्या सोलेनॉइडच्या (विजेच्या चुंबकाने चालणाऱ्या स्विचच्या) तांब्याच्या संपर्कांतून मोटरमध्ये जातो, आणि मोटरमधून इंजिनच्या धातूत, तिथून अर्थिंगच्या पट्टीने किंवा केबलने बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत येतो. परतीचा अर्धा मार्ग गाडीच्या अंगातूनच जात असल्यामुळे तो कुणाला वायर म्हणून दिसत नाही आणि म्हणून तपासलाही जात नाही. छोटा मार्ग म्हणजे हुकूम देणारा मार्ग: फ्यूज, किल्लीचा स्विच, क्लचचा किंवा ऑटोमॅटिक गाडीत गिअरच्या जागेचा सुरक्षा स्विच, रिले (थोड्या विजेने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच), आणि शेवटी सोलेनॉइडवर येणारी बारीक वायर.

सोलेनॉइडमध्ये दोन गुंडाळ्या असतात. एक जोरात खेचणारी, दुसरी खेचलेला दांडा धरून ठेवणारी. हुकूम मिळताच दोघी मिळून दांडा आत ओढतात. त्याने एकीकडे छोटे दातेरी चाक पुढे सरकून इंजिनच्या चाकात अडकते आणि दुसरीकडे तांब्याचे संपर्क जुळतात. संपर्क जुळल्याक्षणी खेचणारी गुंडाळी बंद होते आणि उरलेल्या गुंडाळीने दांडा धरून ठेवायचा असतो. नेमक्या त्याच क्षणी मोटर आपला प्रचंड प्रवाह मागते. बॅटरी कमजोर असेल किंवा जोडणी सैल असेल, तर व्होल्टेज कोसळते, धरणारी गुंडाळी दांडा सोडते, संपर्क सुटतात, भार जातो, व्होल्टेज सावरते, आणि हुकूम अजून चालू असल्यामुळे सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. भरभर ऐकू येणारी टिक-टिक-टिक ती हीच. सेल्फ खराब झाल्याचा आवाज म्हणून तिचा अर्थ लावला जातो, पण खरे तर सेल्फ पुन्हा पुन्हा प्रयत्न करत असतो आणि त्याला वीज पुरत नसते.

आवाज ऐका, दिवे पाहा

मीटर हाती घेण्यापूर्वी एक तपासणी फुकट करता येते. हेडलाइट आणि आतला छताचा दिवा लावून ठेवावा आणि एकाने किल्ली फिरवावी, दुसऱ्याने दिव्यांकडे लक्ष ठेवावे. टिक-टिक होऊन दिवे जवळजवळ विझत असतील, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिच्या टोकांशी जोडणी खराब आहे. एकच ठोका ऐकू आला आणि दिवे तसेच प्रखर राहिले, तर सोलेनॉइड दांडा ओढतो आहे पण मोटरपर्यंत प्रवाह पोचत नाही. तांब्याचे संपर्क जळालेले असतील किंवा कार्बन झिजून आर्मेचरला, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला, टेकत नसतील. एक ठोका आणि दिवे एकदम मंद, असे झाले तर मोटर प्रवाह घेते आहे पण फिरू शकत नाही, म्हणजे ती आत घासते आहे किंवा इंजिनच जड झाले आहे. आवाज अजिबात नाही आणि दिव्यांवर काही परिणाम नाही, तर मोठा मार्ग सोडून हुकमाचा मार्ग तपासावा.

वारंवार पण अधूनमधून होणाऱ्या दोषात खरी अडचण ही असते की गाडी मेकॅनिककडे नेली की शहाण्यासारखी सुरू होते. म्हणून दोष दिसला त्या वेळची परिस्थिती लगेच फोनमध्ये लिहून ठेवावी: गाडी किती वेळ उभी होती, इंजिन गरम होते की गार, पाऊस होता का, आवाज कोणता आला, दिव्यांचे काय झाले, दुसऱ्या प्रयत्नात सुरू झाली की नाही. शक्य तर मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करावा. रात्रभर उभी राहिल्यावरच अडणारी गाडी आणि घाट चढून चहाला थांबल्यावरच अडणारी गाडी यांचे रोग वेगळे असतात, आणि हे मालकालाच माहीत असते, इलेक्ट्रिशियनला नाही.

बॅटरी 12.6 दाखवते, तरीही

शिशाच्या बॅटरीत सहा कप्पे असतात आणि प्रत्येक कप्पा पूर्ण चार्ज असताना सुमारे 2.1 व्होल्ट देतो, म्हणून गाडी काही तास उभी राहिल्यावर चांगल्या बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. 12.4 म्हणजे सुमारे पाऊण भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी, आणि 12.0 म्हणजे जवळपास पाव. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर आकडा फसवा मोठा येतो. तेव्हा हेडलाइट मिनिटभर लावून, बंद करून, थोडे थांबून मोजावे.

यापुढची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही. त्यामुळे मार्गात कितीही गंज असला, केबलच्या शंभर तारांपैकी दोनच शाबूत असल्या, तरी मीटर सेल्फच्या टोकाशी पूर्ण 12.6 दाखवतो. गच्चीवरची टाकी भरलेली आणि पाइपात गाळ साठलेला असला की नळ बंद असेपर्यंत दाब पुरेपूर असतो. नळ सोडल्यावर धार करंगळीएवढी येते. विजेतही तसेच आहे. रोध, म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा, किती हानी करतो हे प्रवाहावर अवलंबून असते, आणि दोन्हींचा गुणाकार म्हणजे वाटेत हरवलेले व्होल्टेज. एखाद्या सांध्यात फक्त 0.01 ओहम रोध असेल, जो साध्या मल्टिमीटरच्या ओहमच्या पट्टीवर धड मोजताही येत नाही, आणि त्यातून 150 अँपिअर जात असतील, तर तिथेच दीड व्होल्ट गडप होतात. त्याच सांध्यातून हेडलाइटचे साडेचार अँपिअर गेले तर जेमतेम 0.05 व्होल्ट जातात आणि दिव्यात कसलाच फरक दिसत नाही.

यावरून मोजण्याची रीत ठरते. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि इंजिन सुरू होऊ नये म्हणून पेट्रोल गाडीत फ्युएल पंपाचा फ्यूज काढलेला असावा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून आधी बॅटरीच्या दोन टोकांवर लावावा आणि दुसऱ्या माणसाने चार-पाच सेकंद सेल्फ मारावा. आकडा 10 च्या वर राहिला तर बॅटरीने आपले काम केले, 9.6 च्या खाली गेला तर बॅटरी चार्ज करून पुन्हा मोजावे, आणि पूर्ण चार्ज असूनही तसेच झाले तर तिच्यावर संशय घ्यावा. नंतर मीटरची लाल सुई बॅटरीच्या धन टोकाच्या शिशावरच, त्यावर आवळलेल्या केबलच्या क्लॅम्पवर नव्हे, टेकवावी आणि काळी सुई सेल्फवर येणाऱ्या जाड केबलच्या बोल्टवर. सेल्फ फिरत असताना जे दिसेल ते या केबलमध्ये वाया गेलेले व्होल्टेज. अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक, त्यापुढे दोष. तिसरे मोजमाप परतीच्या मार्गाचे: एक सुई बॅटरीच्या ऋण टोकाच्या शिशावर, दुसरी सेल्फच्या उघड्या धातूवर. इथे 0.2 ते 0.3 व्होल्टच्या वर आकडा जायला नको. हात आणि मीटरच्या वायर पट्ट्यापासून व पंख्यापासून लांब ठेवाव्यात, हे वेगळे सांगायला नको.

शिशाच्या टोकावरच सुई का टेकवायची, याला कारण आहे. पुष्कळदा दोष त्या टोकाच्या आणि क्लॅम्पच्या मधल्या केसाएवढ्या फटीत असतो, आणि क्लॅम्पवर सुई टेकवली की नेमका तोच सांधा मोजमापातून सुटतो.

माझ्या मेहुण्यांची सात आसनी गाडी रत्नागिरीत, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभी असते. तिची बॅटरी बदलून झाली होती, सेल्फही उघडून झाला होता, आणि तरी पावसाळ्यात ती हटकून अडायची. वरचे दोन्ही क्लॅम्प चकचकीत होते. धन बाजूच्या मोजमापात काही सापडले नाही. ऋण बाजूला मात्र सेल्फ मारल्याबरोबर मीटर दीड व्होल्टच्या वर गेला. बॅटरीच्या खालून इंजिनकडे जाणारी विणलेल्या तारांची पट्टी बाहेरून धड दिसत होती, पण तिच्यावरची प्लास्टिकची नळी कापली तेव्हा आतून हिरवट भुकटी गळली आणि तारा बोटाने मोडल्या. पट्टीचा बोल्ट जिथे बसतो तिथला धातू सँडपेपरने घासून पांढरा केला, नवी पट्टी घट्ट बसवली, आणि वरून व्हॅसलीन लावले. दोष एवढाच होता, आणि आधी जे बदलले गेले ते बदलण्याची गरज होती का, हे आता कळायला मार्ग नाही.

अर्थिंग फारच खराब झाली तर प्रवाह दुसरी वाट शोधतो. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असल्यामुळे त्याला गाडीच्या अंगाशी जोडणाऱ्या धातूच्या वस्तू थोड्याच, आणि त्यांत ॲक्सिलरेटरची किंवा गिअरची केबल असते. सेल्फ मारल्यावर अशी केबल गरम लागत असेल, तर दुसरे काही तपासण्याआधी अर्थिंगच पाहावी.

टर्मिनलवर पांढरी किंवा निळसर-हिरवी भुकटी असेल तर ती गरम पाण्यात खायचा सोडा कालवून धुता येते. हे पाणी बॅटरीच्या कप्प्यांत जाऊ देऊ नये. क्लॅम्प काढताना आधी ऋण आणि जोडताना ऋण शेवटी, हा क्रम पाळावा. धन टोकावर पाना फिरवताना तो चुकून बॉडीला लागला, तर ऋण जोडलेले असताना पान्यातून शेकडो अँपिअर वाहतात, आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीभोवती ठिणगीने पेटणारा हायड्रोजन वायू असू शकतो.

बॅटरी पुन्हा पुन्हा का उतरते

सांधे सगळे चांगले निघाले आणि बॅटरीच कमी भरलेली आढळली, तर ती का भरत नाही किंवा कुठे रिकामी होते, हे पाहावे लागते. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट यायला हवेत. मग हेडलाइट, मागच्या सीटांसाठीच्या ब्लोअरसकट एसी आणि मागच्या काचेचा हीटर लावून पुन्हा पाहावे. आकडा 13 च्या खाली घसरून तिथेच राहत असेल, तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा कमी पडतो आहे. 15 च्या वर जात असेल तर अल्टरनेटरचे व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडला आहे आणि बॅटरीचे पाणी उकळून जाते आहे. एक अपवाद ध्यानात ठेवावा: अर्टिगाच्या स्मार्ट हायब्रिडसारख्या अलीकडच्या गाड्यांत चार्जिंग कॉम्प्युटर ठरवतो, त्यामुळे चालत्या गाडीत काही वेळ आकडा कमी दिसला म्हणून घाबरून अल्टरनेटर उघडायला देऊ नये.

अल्टरनेटरमधला एखादा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेला तर दोन उपद्रव होतात: दिवसा चार्जिंग अपुरे होते, आणि काही वेळा त्याच डायोडमधून रात्री बॅटरी उलट रिकामी होते. इंजिन चालू ठेवून मीटर एसी व्होल्टवर लावला आणि बॅटरीवर अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा दिसला, तर डायोडचा संशय घ्यावा. सेल्फची आणि बॅटरीची तपासणी करणारे पुष्कळ जण ही अर्ध्या मिनिटाची चाचणी करत नाहीत, हे मला नेहमी खटकते.

दुसरी बाजू गळतीची. गाडी कुलूप लावून उभी असताना घड्याळ, रिमोट लॉक, अलार्म असे काही थोडे थोडे खात राहतात. 50 मिलिअँपिअरपर्यंतचा हा खर्च सर्वसाधारण मानला जातो. हिशेब करून पाहा: 50 मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला 1.2 अँपिअर-अवर. पेट्रोल गाडीतली बॅटरी 35 अँपिअर-अवरची असेल, तर दिवाळीत दहा दिवस गावाला गेलेल्या कुटुंबाच्या दारातली निर्दोष गाडीसुद्धा 12 अँपिअर-अवर, म्हणजे एकतृतीयांश बॅटरी, गमावून बसते. डिकीतला 5 वॅटचा दिवा बंद होत नसेल तर तो दिवसाला 10 अँपिअर-अवर खातो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी काही उरत नाही.

मोठ्या कौटुंबिक गाडीत अशा वाटा जास्त असतात. दारे जास्त, दिवे जास्त, मागचा दरवाजा उचलला की लागणारा दिवा वेगळा. मागच्या दरवाजात जाणाऱ्या वायर रबरी नळीतून दर उघडझापीला वाकतात आणि वर्षानुवर्षांनी आतल्या आत सोलल्या जाऊन एकमेकींना किंवा बॉडीला लागतात. त्यात आपण भर घालतो: डॅशकॅम, ॲम्प्लिफायर, मुलांसाठी मागे लावलेला स्क्रीन, सीटखालच्या एलईडी पट्ट्या, ट्रॅकर. हे किल्लीबरोबर बंद होणाऱ्या वायरला न जोडता थेट बॅटरीवर जोडलेले असतील तर रात्रभर चालू राहतात. सामान बसवणाऱ्याला ती वायर शोधायला पाच मिनिटे जास्त लागतात, एवढेच त्याचे कारण.

गळती मोजायची तर मीटर 10 अँपिअरच्या पट्टीवर घेऊन बॅटरीचे ऋण टोक आणि त्याची केबल यांच्यामध्ये जोडावा. त्यानंतर दार उघडू नये, किल्ली फिरवू नये. सेल्फ मारला तर मीटरचा फ्यूज उडालाच म्हणून समजा. नव्या गाडीतले कॉम्प्युटर झोपी जायला अर्धा तास ते तासभर लागू शकतो, म्हणून पहिला आकडा पाहून निष्कर्ष काढू नये. आकडा मोठाच राहिला तर एकेक फ्यूज काढून कोणत्या फ्यूजने तो खाली येतो ते पाहणे ही जुनी रीत. पण फ्यूज काढल्या-घातल्याने झोपलेले कॉम्प्युटर जागे होतात. त्याऐवजी फ्यूज न काढता त्याच्या पाठीवरच्या दोन उघड्या टोकांवर मीटर मिलिव्होल्टवर लावावा: ज्या फ्यूजवर शून्याऐवजी काही दिसेल, त्यातून प्रवाह जातो आहे.

रोजच्या छोट्या फेऱ्यांनी बॅटरी उतरते असे म्हणतात, ते अर्धेच खरे आहे. एकदा सेल्फ मारायला, समजा, 200 अँपिअर तीन सेकंद लागले, तरी तो खर्च 0.17 अँपिअर-अवरपेक्षा कमी भरतो आणि 10 अँपिअर जादा मिळाले तर मिनिटभरात भरून निघतो. खरे नुकसान सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये, एसी आणि दिवे लावून मंद इंजिनवर उभे राहण्याने होते, कारण तेव्हा अल्टरनेटर जेवढे देतो तेवढे तिथल्या तिथे खर्च होते. आणि गाडी सुरू होत नाही म्हणून दहा दहा सेकंद सेल्फ मारत राहिले, तर दहा प्रयत्नांत पाच अँपिअर-अवरच्या वर जातात.

गाडीची बॅटरी पातळ पट्ट्यांची असते. क्षणभर मोठा प्रवाह द्यायला ती चांगली, पण पूर्ण रिकामी व्हायला ती बनवलेलीच नाही. अर्धवट भरलेल्या अवस्थेत राहिली की पट्ट्यांवरच्या लेड सल्फेटचे स्फटिक कडक होत जातात आणि ती क्षमता परत येत नाही. उतरलेली बॅटरी जंपरने सुरू करून अर्धा तास फिरवून आणली की भरली, असे नसते. तिला चार्जरवर तिच्या क्षमतेच्या सुमारे दहाव्या भागाने, म्हणजे 35 च्या बॅटरीला साडेतीन अँपिअरने, रात्रभर लावावे लागते. उष्णतेचाही हिशेब धरावा. तापमान दर 10 अंशांनी वाढले की बॅटरीच्या आतली झीज ढोबळमानाने दुप्पट होते, त्यामुळे विदर्भातल्या उन्हात उघड्यावर उभी राहणारी गाडी नाशिकच्या गॅरेजमधल्या गाडीएवढी एका बॅटरीवर चालेल अशी अपेक्षा नको.

गरम झाल्यावर अडणारी गाडी

इंजिन तापले की सेल्फ न घेणारी गाडी हे वेगळेच प्रकरण आहे. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.39 टक्के वाढतो. सोलेनॉइड 25 अंशांवरून 100 अंशांवर गेला तर त्याच्या गुंडाळीचा रोध जवळजवळ 30 टक्क्यांनी वाढतो आणि ओढ कमी होते. त्यात हुकमाच्या मार्गावरचा किल्लीचा स्विच झिजलेला असेल, तर आधीच कमी पोचणारे व्होल्टेज आणखी अपुरे पडते. गाडी थांबवल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटे इंजिनची उष्णता बाहेर पडायला वाराच नसतो, म्हणून नेमक्या चहाच्या थांब्यावर गाडी अडते आणि जेवून आल्यावर सुरू होते. ओम्नी आणि ईकोमध्ये तर इंजिन पुढच्या सीटांखाली असते, तिथे हवा खेळायला जागा आणखी कमी.

अशा वेळी सोलेनॉइडवरच्या बारीक वायरवर, किल्ली फिरवलेली असताना, किती व्होल्ट येतात ते मोजावे. 10 च्या वर असूनही सोलेनॉइड ओढत नसेल तर दोष सेल्फचा. 8-9 च मिळत असतील तर दोष हुकमाच्या मार्गात आहे, सेल्फला हात लावू नये. जुन्या गाड्यांत सोलेनॉइडचा सगळा प्रवाह किल्लीच्या स्विचमधून जातो. तिथे एक रिले बसवून किल्लीला फक्त रिलेचे काम दिले आणि सोलेनॉइडला बॅटरीवरून फ्यूजसह थेट वीज दिली, की वर्षानुवर्षांचे दुखणे थांबलेले मी पाहिले आहे. क्लचच्या पेडलमागचा छोटा स्विच विसरू नये. पेडल पूर्ण दाबले नाही किंवा तो स्विच सरकला, तर पूर्ण निरोगी गाडी एकदम मुकी होते.

सेल्फला पान्याने ठोकण्याचा जुना उपाय अडकलेल्या कार्बनला क्षणभर जागेवर आणतो, म्हणून चालतो. ठोकल्यावर गाडी सुरू झाली तर ते सेल्फ उघडण्याची वेळ आल्याचे लक्षण समजावे. ज्या मोटरमध्ये कायमचे चुंबक चिकटवलेले असतात ते जोराने ठोकल्यास तडकतात, तेव्हा हात हलका ठेवावा.

रस्त्यावर असताना जंपर केबल लावायची वेळ आली तर लाल केबल उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला, काळी चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि शेवटचे टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब लावावे, म्हणजे ठिणगी पडली तरी बॅटरीजवळ पडत नाही. चांगल्या बॅटरीची गाडी काही मिनिटे चालू ठेवून मगच सेल्फ मारावा, एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि दोन प्रयत्नांत मोटरला थंड व्हायला वेळ द्यावा. काळे टोक बॉडीला किंवा उतरलेल्या बॅटरीच्या ऋण टोकाला लावलेले असताना टिक-टिकच होत असेल, तर ते एकदा थेट सेल्फजवळच्या धातूला लावून पाहावे. गाडी लगेच सुरू झाली तर अर्थिंगचा दोष रस्त्यावरच सापडला. ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून सुरू होत नाही. मॅन्युअल होते, पण बॅटरी अगदीच मेलेली असेल तर इंजेक्शनच्या गाडीत फ्युएल पंप आणि कॉम्प्युटरलाच वीज मिळत नाही आणि धक्का मारणाऱ्यांचे श्रम फुकट जातात. न जळालेले पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होण्याची भीती असते ती वेगळीच.

दुरुस्तीला गाडी देताना "बॅटरी बघा" किंवा "सेल्फ काढा" असे न सांगता मोजलेले तीन आकडे सांगावेत: सेल्फ फिरताना बॅटरीवर किती, धन केबलमध्ये किती हरवले, अर्थिंगमध्ये किती. बदललेला जुना भाग परत मागावा. जळालेले तांब्याचे संपर्क किंवा झिजलेले कार्बन डोळ्यांना दिसतात, आणि काही सेल्फमध्ये तेवढेच बदलता येतात, सबंध सेल्फ नवा घ्यावा लागत नाही. बॅटरी हमीच्या मुदतीत असेल तर दुकानातल्या टेस्टरवर ती पूर्ण चार्ज करूनच तपासून घ्यावी, कारण उतरलेली बॅटरी टेस्टरवर खराब बॅटरीसारखीच दिसू शकते. काम झाल्यावर तेच तीन आकडे एकदा गार इंजिनवर आणि एकदा गाडी तापवून पुन्हा घ्यावेत, आणि सर्व्हिस बुकच्या मागच्या पानावर तारखेसह लिहून ठेवावेत.